क्रिकेटवीर कै. बाळू पालवणकर



मुंबईत प्रभादेवी येथे पी. बाळू मार्ग या नावाचा एक रस्ता आहे. त्या पाटीखालून नित्य हजारो माणसे जातात. हे पी. बाळू कोण, असे त्यांतील कोणास विचारले, तर शंभरांत एकालाही सांगता येईल की नाही याची आम्हांस शंका वाटते. परक्यांचे सोडाच, आपल्या समाजातील किती घरांतून हे नाव मुलांच्या कानी पडते, याचा प्रत्येकाने आपल्या मनाशी विचार करावा. स्मरणिकेच्या संपादक मंडळाने यंदा एखाद्या थोर ज्ञातिपुरुषाचे चरित्र लिहून द्यावे अशी आज्ञा केली, तेव्हा आमच्या मनात हेच नाव प्रथम उभे राहिले. आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे आणि हयात गेली प्राथमिक शाळेत. तेव्हा विद्वत्तेची अपेक्षा वाचकांनी ठेवू नये. जे वाचले आणि पडताळून पाहिले, तेवढेच येथे सांगत आहोत.

बाळूंचा जन्म १८७६ साली धारवाड येथे झाला. घराणे मूळचे कोकणातील. पालवण गावावरून पालवणकर हे आडनाव पडले. वडील लष्करात नोकरीस होते. आपल्या समाजातील अनेक कुटुंबांना त्या काळी पलटणीने आधार दिला, हे वडीलधाऱ्या मंडळींस ठाऊक आहेच. पुढे कुटुंब पुण्यास आले. छावणीतील गोरे अधिकारी खेळून जीर्ण झालेल्या बॅटी आणि चेंडू टाकून देत. त्या टाकलेल्या साहित्यावर बाळू आणि त्यांचे धाकटे बंधू शिवराम हे क्रिकेटचे पहिले धडे गिरवू लागले. गुरू नाही, मैदान नाही, अंगावर खेळाचा पोशाख नाही. होती ती केवळ हौस आणि निरीक्षण.

घरची स्थिती बेताचीच. शिक्षण फार पुढे जाणे शक्य नव्हते. पुण्यातील पारशी मंडळींच्या एका क्रिकेट क्लबात बाळू नोकरीस लागले. पगार दरमहा ३ रुपये. काम काय? मैदान झाडावयाचे, खेळपट्टीवर रोलर फिरवावयाचा, आणि सभासदांनी हाक मारली तर त्यांना चार चेंडू टाकावयाचे. १८९२ साली ते गोऱ्या साहेबांच्या पुणे जिमखान्यात गेले. तेथे पगार १ रुपयाने वाढून ४ रुपये झाला. कामे तीच : रोलर, खेळपट्टीच्या रेषा, सरावाची जाळी उभी करणे आणि साहेबांस सरावासाठी गोलंदाजी करणे.

येथेच या चरित्राला कलाटणी मिळाली. बाळू डावखुरे होते. चेंडू संथ टाकीत. पण त्या संथपणात फसवणूक असे. एकाच हालचालीतून कधी चेंडू आत वळे, कधी बाहेर. कधी उंच तरंगत येऊन अपेक्षेपेक्षा अलीकडे पडे, कधी टप्पा पडताच झपकन पुढे निघे. फलंदाजाने हाताकडे पाहून अंदाज बांधावा, तर हात काहीच सांगत नसे. कॅप्टन ग्रेग या नावाचा एक अधिकारी त्या काळी हिंदुस्थानातील गोऱ्यांमध्ये उत्कृष्ट फलंदाज म्हणून गाजत होता. तो इतरांच्या आधी तासभर मैदानावर येई आणि केवळ बाळूंच्या गोलंदाजीवर सराव करी. बाळूंनी त्यास बाद केले की तो दर वेळी ८ आणे बक्षीस देई, अशी आख्यायिका आहे. महिन्याचा पगार ४ रुपये. म्हणजे साहेबास आठ वेळा बाद केले की एक महिन्याची कमाई! आख्यायिकेत कमीअधिक असेल. पण वर्षानुवर्षे रोज तासन् तास उत्तम फलंदाजांना चेंडू टाकूनच बाळूंचा हात घडला, यात संशय नाही. मात्र एक गोष्ट ध्यानी घ्यावी. इतकी वर्षे त्या जिमखान्यात राबूनही बाळूंच्या हाती बॅट म्हणून कोणी दिली नाही. फलंदाजी हा साहेबांचा मान, गोलंदाजी हे नोकराचे काम, अशी ती वाटणी होती.

ही कीर्ती गावात पसरली. पुण्याच्या हिंदू क्रिकेट मंडळींस गोऱ्यांशी सामना देण्याची ईर्षा होती आणि त्यांस चांगल्या गोलंदाजाची नड होती. गोलंदाज डोळ्यांसमोर होता; पण तो चर्मकाराचा मुलगा. त्यास संघात घ्यावे की न घ्यावे यावर वाद झाला. काही तेलुगू सभासद अनुकूल होते, काही पुणेकर ब्राह्मण सभासद प्रतिकूल. ग्रेगनेही जाहीरपणे मत दिले की अशा गोलंदाजास दूर ठेवणे हा शहाणपणा नव्हे. अखेर जिंकण्याच्या इच्छेने रूढीवर मात केली आणि बाळू संघात आले.

संघात आले म्हणजे काय झाले, ते ऐकावे. मैदानावर सर्वांनी एकच चेंडू हाताळावयाचा. बाळूंच्या हातून सुटलेला चेंडू यष्टिरक्षकाने झेलावयाचा, क्षेत्ररक्षकाने परत फेकावयाचा. त्यात कोणास विटाळ होत नसे. परंतु चहाची सुट्टी झाली की इतर खेळाडू आत बसून कपबशीत चहा घेत आणि बाळूंना बाहेर, फेकून देण्याच्या मातीच्या पेल्यात चहा मिळे. जेवणासाठी त्यांचे पान वेगळे मांडले जाई. हातपाय धुण्यास पाणी लागले तर ते अस्पृश्य नोकरानेच आणून द्यावयाचे.

वाचकहो, येथे क्षणभर थांबून विचार करण्याजोगी गोष्ट आहे. क्रिकेटचा चेंडू कशाचा असतो? कातड्याचा. कातडे कमावणे, कापणे, शिवणे हा ज्यांचा वंशपरंपरागत उद्योग, त्यांना शिवू नये. मात्र त्या कातड्याचा चेंडू सर्वांनी हाती घ्यावा, अंगरख्याला पुसावा, यात कोणास वावगे वाटत नव्हते. कपबशीला विटाळ होता, चेंडूला नव्हता. रूढीचा खोटेपणा इतक्या थोडक्यात दाखविणारा दुसरा दाखला आम्हांस तरी सापडला नाही.

बाळूंनी याचे उत्तर मैदानावर दिले. पुण्याचा संघ गोऱ्यांवर विजय मिळवू लागला. साताऱ्याच्या गोऱ्या जिमखान्यावर मिळविलेल्या विजयात बाळूंचा वाटा सिंहाचा होता. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या कानी ही हकीकत गेली, तेव्हा त्यांनी खेळाडूंना समजावले की ज्याच्यासह खेळता, त्याच्यासह खाण्यापिण्यासही हरकत नसावी. आणि पुढे जाहीर समारंभात त्यांनी बाळूंस हार घातला. पुण्यासारख्या शहरात, एकोणिसाव्या शतकात, चर्मकाराच्या गळ्यात न्यायमूर्तींनी घातलेला तो हार म्हणजे लहान गोष्ट नव्हती.

१८९६ साली प्लेगची साथ आली आणि त्या धामधुमीत बाळू मुंबईस आले. येथे १८९४ साली स्थापन झालेला परमानंददास जीवनदास हिंदू जिमखाना होता. तेथेही प्रवेशाला काही सभासदांनी हरकत घेतली. पण कर्णधार कीर्तिकर यांनी आग्रह धरून बाळूंस संघात घेतले. पोटापाण्यासाठी त्यांनी लष्करात आणि पुढे बी. बी. अँड सी. आय. रेल्वेत नोकरी केली. रेल्वेच्या संघाकडूनही ते खेळले. हीच रेल्वे १९५१ साली पश्चिम रेल्वेत विलीन झाली. अंधेरी-बोरिवलीहून दररोज लोकलने ये-जा करणाऱ्या आपल्या बांधवांनी एवढे स्मरणात ठेवावे की, या लोहमार्गाच्या नोकरपटावर एके काळी हिंदुस्थानातील अग्रगण्य गोलंदाजाचे नाव होते.

फेब्रुवारी १९०६ मध्ये मुंबईस हिंदू विरुद्ध युरोपियन असा सामना झाला. हिंदूंनी २४२ आणि १६० धावा केल्या. युरोपियनांचे डाव १९१ आणि १०२ धावांत आटोपले. राज्यकर्त्यांच्या संघाचा १०९ धावांनी पराभव झाला. त्या विजयी संघात बाळू होते आणि बंधू शिवरामही होते. विजयाचा जल्लोष तर झालाच. पण सुधारक वृत्तपत्रांनी याहून मोलाची गोष्ट हेरली. विविध जातींचे हिंदू एकत्र येऊन खेळले म्हणून जिंकले, आणि मुंबईच्या जिमखान्यात हे खेळाडू एकत्र भोजन करू लागले, हे त्यांनी आवर्जून नमूद केले. पुण्याच्या मातीच्या पेल्यापासून मुंबईच्या पंगतीपर्यंत बाळूंना एका चेंडूने आणले.

१९११ साल हा या चरित्राचा कळस होय. त्या वर्षी हिंदुस्थानचा सर्व जातिधर्मांचा संघ प्रथमच इंग्लंडच्या दौऱ्यावर गेला. कर्णधार पतियाळाचे तरुण महाराज भूपिंदर सिंग. संघात पारशी सहा, हिंदू पाच, मुसलमान तीन. आणि त्या पाच हिंदूंपैकी दोघे पालवणकर बंधू, बाळू व शिवराम. महाराज राजेरजवाड्यांच्या मेजवान्यांत रमले आणि थोडेच सामने खेळले. संघाचे एकूण २३ सामने झाले. ६ जिंकले, १५ हरले. या अपयशी दौऱ्यात एक मनुष्य मात्र तेजाने तळपला. वयाच्या पस्तिशीत, परक्या हवेत, खांदा दुखत असताना बाळूंनी ११४ गडी बाद केले आणि प्रत्येक गड्यामागे सरासरी १९ हूनही कमी धावा दिल्या. केंब्रिज विद्यापीठाच्या एका डावात त्यांनी १०३ धावांत ८ गडी टिपले. लेस्टरशायरवर जो विजय मिळाला त्यात त्यांचे ११ बळी होते. सॉमरसेटवर एका गड्याने मिळालेल्या विजयात शिवरामने नाबाद ११३ धावा काढल्या. एका भावाने चेंडूने आणि दुसऱ्याने बॅटने देशाची लाज राखली, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. इंग्रज जाणकार बाळूंची तुलना आपल्या विल्फ्रेड ऱ्होड्सशी करू लागले. आजच्यासारखे कसोटी सामने त्या काळी हिंदुस्थानच्या वाट्यास नव्हते. पहिली कसोटी १९३२ साली झाली, तेव्हा बाळू छप्पन्न वर्षांचे होते. वीस वर्षे उशिरा जन्मते तर, असा विचार मनात येतोच.

परत आल्यावर मुंबईतील दलित बांधवांनी बाळूंचा जाहीर सत्कार केला. त्या समारंभातील मानपत्र एल्फिन्स्टन कॉलेजात शिकणाऱ्या एका तरुणाने तयार केले होते, असे अभ्यासक सांगतात. तो तरुण म्हणजे भीमराव रामजी आंबेडकर.

एवढी कीर्ती झाली. आता संघाचे नेतृत्व बाळूंकडे येणे न्याय्य होते. अनुभवाने, वयाने, कर्तबगारीने त्यांच्या तोडीचा दुसरा खेळाडू हिंदू संघात नव्हता. पालवणकर बंधूंपैकी शिवराम, गणपत व विठ्ठल हे तिघेही तोवर संघात चमकले होते. परंतु दरसाल चौरंगी सामन्यांची वेळ आली की कर्णधारपद उच्चवर्णीयाकडेच जाई. १९१३ साली कर्णधार झालेले मु. दा. पै यांनी स्वतः जाहीररीत्या सांगितले की हा मान ज्येष्ठ म्हणून बाळूंचा होता. पै हे सारस्वत ब्राह्मण. त्यांच्या या न्यायबुद्धीचे स्मरण आपण कृतज्ञतेने ठेवले पाहिजे. पण कबुली मिळाली, पद मिळाले नाही.

डिसेंबर १९२० मध्ये सामने पुण्यास भरले, तेव्हा या अन्यायाने कळस गाठला. पैंच्या जागी तात्पुरते कर्णधारपद पुण्याचे दि. ब. देवधर यांस देण्यात आले आणि बाळूंना तर संघातूनच वगळण्यात आले. देवधर गुणी फलंदाज होते, यात वाद नाही. परंतु सेवाज्येष्ठतेत ते पालवणकर बंधूंच्या मागे होते. तेव्हा विठ्ठल आणि शिवराम यांनी संघातून अंग काढून घेतले आणि कारण लपवून न ठेवता जाहीर पत्रक काढले. आपल्या जातीमुळे आपणांस डावलले जाते, हे त्यांनी चारचौघांत सांगितले. खेळाडूने खेळणे सोडणे म्हणजे काय, हे खेळाडूसच ठाऊक! लोकमत हलले. बाळू संघात परत आले, उपकर्णधार झाले, दोघे बंधूही परतले. आणि पारशांविरुद्धच्या अंतिम सामन्यात पैंनी आपण होऊन काही काळ मैदान सोडले, जेणेकरून बाळूंच्या हाती संघाची सूत्रे यावीत. ज्याने आयुष्यभर वाट पाहिली, त्यास मिळाले ते एवढेच काही तास.

परंतु पेरलेले वाया गेले नाही. १९२३ साली धाकटे बंधू विठ्ठल हे हिंदू संघाचे रीतसर कर्णधार झाले आणि त्याच वर्षी संघाने युरोपियनांस हरवून विजेतेपद मिळविले. सामना संपताच चाहत्यांनी विठ्ठलास खांद्यावर उचलून घेतले. ते खांदे सर्व जातींचे होते. विठ्ठल यांनी पुढे आपल्या आयुष्याची हकीकत माझे क्रीडा-जीवन या मराठी पुस्तकात लिहून ठेवली. आपल्या घरात लिहिणारा असावा लागतो, तो असा.

यापुढील भाग सांगताना पुष्कळ जण आवरते घेतात. आम्ही घेणार नाही. बाळू पुढे सार्वजनिक कार्यात उतरले. १९३२ साली स्वतंत्र मतदारसंघाचा प्रश्न उभा राहिला, तेव्हा ते बाबासाहेबांच्या विरुद्ध बाजूस, संयुक्त मतदारसंघाच्या पक्षात होते. २४ सप्टेंबर १९३२ रोजी झालेल्या पुणे करारावर बाबासाहेबांप्रमाणेच पी. बाळू यांचीही सही आहे. १९३३ साली ते मुंबई महापालिकेच्या निवडणुकीस हिंदुमहासभेतर्फे उभे राहिले आणि पडले. १९३७ साली मुंबई विधिमंडळाच्या निवडणुकीत काँग्रेसने त्यांस प्रत्यक्ष बाबासाहेबांविरुद्ध उभे केले. बाबासाहेबांस १३,२४५ मते पडली, बाळूंस ११,२२५. ज्या तरुणाने मानपत्र दिले, त्याच्याशीच वृद्धपणी लढत द्यावी लागली, हा दैवाचा विलक्षण खेळ होय.

या एका गोष्टीमुळे आपल्या अनेक घरांतून बाळूंचे नाव हळूहळू मागे पडले, असे आमचे मत आहे. आज बाबासाहेबांची तसबीर आपल्या घराघरांत आहे आणि ती तेथेच शोभते. संविधानाने जे दिले ते त्यांच्यामुळे. त्या ऋणातून आपण उतराई होणार नाही. म्हणून बाळूंची बाजू आपण घ्यावी असे आम्ही म्हणत नाही. आमच्या अल्पमतीप्रमाणे १९३७ चा निकाल योग्यच लागला. पण एका निवडणुकीतील मतभेदापायी साऱ्या आयुष्याची कमाई पुसून टाकणे, हेही न्यायाचे नाही. खुद्द बाबासाहेबांनी तारुण्यात ज्याचा गौरव केला, त्याचे नाव घेताना आपण का संकोचावे? दोन्ही तसबिरींना पुरेल एवढी भिंत आपल्या घरात खचित आहे.

४ जुलै १९५५ रोजी मुंबईत बाळूंचे निधन झाले. अंत्ययात्रेस खेळाडूही होते आणि लोकप्रतिनिधीही. प्रथम श्रेणीच्या ३३ सामन्यांत १७९ बळी, सरासरी १५.२१, अशी त्यांची नोंद मागे राहिली. पुढे बरीच वर्षे हे नाव जवळजवळ विस्मृतीत गेले होते. २००२ साली इतिहासकार रामचंद्र गुहा यांनी हिंदी क्रिकेटवरील आपल्या इंग्रजी ग्रंथात पालवणकर बंधूंस मानाचे स्थान दिले, तेव्हा सुशिक्षित जगाला त्यांची पुन्हा ओळख झाली. आपल्या माणसाची ओळख आपल्याला दुसऱ्याने करून द्यावी लागली, याचा आनंद मानावा की खेद, ते वाचकांनी ठरवावे.

आता थोडे स्वतःविषयी सांगून हा लेख पुरा करतो. आमचे वडील घाटकोपर स्टेशनबाहेर जोडे दुरुस्त करीत. त्यांच्या रापीने आणि आरीने आमचे शिक्षण झाले. पण शिक्षक झाल्यावर कोणी वडिलांचा व्यवसाय विचारला, तर आम्ही चामड्याचा व्यापार असे मोघम उत्तर देत होतो. पुढे आमच्याच वर्गात एक मुलगा होता. वडिलांचा उद्योग लिहावयाचा तक्ता आला की तो रकाना कोरा सोडी. आम्हांस कारण कळत होते; पण आम्ही त्यास एक शब्दही बोललो नाही, कारण तोच रकाना आम्हीही कोरा सोडला होता. त्या वेळी बाळूंचे चरित्र आम्हांस ठाऊक असते, तर त्या मुलास जवळ बसवून सांगितले असते. ते राहून गेले. हा लेख म्हणजे त्या चुकीची थोडीशी भरपाई समजावी.

बाळूंच्या चरित्रातून आम्ही दोन गोष्टी घेतो. पहिली, रोलर ओढता ओढता त्यांनी आपला हात असा घडविला की नाकारणाऱ्यांनाच त्यांची गरज भासली. दुसरी, गुण असूनही मान मिळेना तेव्हा बंधूंनी मुकाट्याने सोसले नाही. कारण सांगून हक्क मागितला. नुसते कष्ट करून मान खाली घालणे पुरेसे नाही, आणि गुण न मिळविता नुसता हक्क मागणेही पुरेसे नाही. पालवणकरांच्या घरात दोन्ही होते.

मुलुंडपासून बोरिवलीपर्यंतच्या आपल्या सभासद कुटुंबांस एवढीच विनंती की, येत्या सुट्टीत मुलांना एकदा प्रभादेवीस न्यावे, ती पाटी दाखवावी आणि हे पी. बाळू कोण ते तेथेच उभे राहून सांगावे. आणि शाळेच्या तक्त्यात आजोबांचा उद्योग लिहावयाची वेळ आली, तर तो रकाना कोणी कोरा ठेवू नये.